कांदिवलीच्या पुस्तकातील अनारसे

अंधेरी, ता. ६ जुलै १९५८, रविवार

फडताळातील पुस्तकांना कोणीतरी हात लावला आहे. मी ती पाठी एका रेषेत येतील अशी लावून ठेवतो. छापखान्यात खिळे जुळविण्यात ज्याचा जन्म गेला त्याची नजर ओळीबाहेर आलेल्या अक्षरावर आपोआप जाते. आज वरच्या खणातील तिसरे पुस्तक बोटभर पुढे आलेले होते व त्यातला कडुनिंबाचा पाला तळाशी सांडला होता.

सूनबाईस, सौ. विमलला, विचारले. म्हणाली, केर काढताना धक्का लागला असेल. केर जमिनीवरचा काढतात. फडताळास दार आहे व दारास कडी आहे.

पुस्तके सर्व पाकशास्त्राची, सर्व जुनी, सर्व कोणाच्या तरी घरातून बाहेर पडलेली. बऱ्याच पानांवर हळदीची बोटे. चि. शरद त्यांना रद्दी म्हणतो. म्हणो. रद्दी कोणी चोरून चाळीत नाही.

ता. ९ जुलै, बुधवार

स्टेशनसमोरच्या गल्लीतील कांतिलाल रद्दीवाल्याने निरोप धाडला म्हणून गेलो. कांदिवलीस एका वकिलांचे बिऱ्हाड मोडले, त्यांच्या पोत्यात एक पुस्तक निघाले. पुठ्ठा नाही. नावाचे पानही नाही. ते मुद्दाम काढले असावे, म्हणजे मूळ किंमत दिसावयास नको. विचारले तर हसतो. "काका, नाव नाय तर काय झाला, आत माल हाय ना?" हा मनुष्य इतरांस तराजूने देतो आणि मला माझ्या तोंडाकडे पाहून भाव सांगतो.

तरी घेतले. टाइप जुन्या घडणीचा, ठसा स्वच्छ, अनुक्रमणिका शाबूत. तीत "अनारसे, पृ. ६३" दिसले आणि पुस्तक सदऱ्याखाली घालून तडक घरी आलो.

अनारसे यंदा चुकत नाहीत. अधिक श्रावण आहे आणि सौ. कुसुमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयास तेहतीस अनारशांचे वाण द्यावयाचे. बोरिवलीचे व्याही सालस आहेत. विहीणबाई मात्र ताटातील प्रत्येक जिन्नस उजेडाकडे धरून पाहणाऱ्या. कै. सौ. असती तर मला हे लिहिण्याची वेळ आली नसती. तिला अक्षरओळख नव्हती. जे येत होते ते हातात होते, आणि ते तिच्याबरोबर गेले. तेव्हापासून स्वयंपाक मी करतो आणि पुस्तके जमवितो. माझे शिक्षण मराठी चौथी. पण छापलेले वाचून त्याबरहुकूम करणे मला जमते, आणि तीन वर्षांत ह्या घरात पदार्थ बिघडलेला नाही.

ता. ११ जुलै, शुक्रवार

तांदूळ भिजत घातले. पाणी रोज बदलावयाचे.

जेवताना शरद म्हणाला, "आप्पा, पार्ल्याला विकत मिळतात चांगले. भर पावसात कशाला उपद्व्याप?" मी त्यास सांगितले की वाणाचे अनारसे दुकानातून आणणारे घर मी अद्याप पाहिलेले नाही व माझ्या घरापासून ती सुरुवात व्हावयाची नाही. तो ताटात पाहून हसला.

सौ. विमल वाढता वाढता म्हणाली, "मी करू का? माझी आई पावसाळ्यात..." मी विचारले, ते कोणत्या पुस्तकात आहे? ती थांबली, आमटीची पळी भांड्यात ठेवली, व आणखी भात हवा का असे विचारले. तिचे माहेर कराडचे. तिकडची रीत निराळी, आमची निराळी. ऐकीव गोष्टींवर वाण करावयाचे नसते.

ता. १४ जुलै, सोमवार

पीठ व गूळ एकत्र केले. गिरगावातून आणलेले मोठे पुस्तक घेतले. कांदिवलीच्या पुस्तकास अजून वास आहे, ते कडुनिंबात ठेवले आहे.

पद्धत नेहमीची. मी स्नान करून सोवळ्याचा मुकटा नेसून आत. सौ. विमल उंबऱ्याबाहेर पाटावर, मांडीवर पुस्तक. ती वाचणार व मी करणार. सोवळ्यात छापील पुस्तकास शिवावयाचे नाही हा कै. सौ.चा दंडक. मी तो मोडीत नाही, उलट मलाच तो अधिक पटतो. शाईत काय खलतात व बांधणीचा सरस कशापासून उकळतात हे घरात माझ्याइतके कोणास ठाऊक? चष्म्याची दांडी शिंगाची, म्हणून चष्माही बाहेर कोनाड्यात. त्याविना मला समोरचे पातेले दिसते, उंबऱ्यापलीकडचे अक्षर दिसत नाही.

ती मॅट्रिक झालेली आहे, वाचन स्वच्छ आहे. परंतु ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याच्या स्वाधीन व्हावे लागते. छापखान्यात एक जण मूळ मजकूर वाची व दुसरा प्रूफ तपाशी. वाचणाऱ्यास डुलकी लागली की ओळीच्या ओळी गळत आणि बोल मात्र तपासणाऱ्यास लागत.

गूळ पिठाच्या बरोबरीने, असे तिने वाचले. घातला. गोळा बरणीत ठेवला.

ता. १९ जुलै, शनिवार

हसले.

पहिला अनारसा तुपात सोडताच पसरला, जाळी सुटून कढईभर झाला, आणि शेवटी नुसती खसखस पोहत राहिली. दुसरा तसाच. तिसरा थोडा धीराने, पण तसाच. बाहेरून सौ. विमल म्हणाली, "आप्पा, आच मोठी आहे का?" पुस्तकात आचेविषयी शब्दही नव्हता. मग हिला आच कशी सुचली?

मुकटा सोडून चष्मा लावला व प्रथम पुस्तक पाहिले. "गूळ पिठाच्या बरोबरीने." तिने अक्षर न अक्षर बरोबर वाचले होते. तेव्हा (१) तूप. वाण्याने त्यात वनस्पती मिसळले असणे शक्य. (२) बरणी. ती पाच दिवस स्वयंपाकघरात उघड्यावर होती व घरात माझ्याखेरीज दोन माणसे आहेत. (३) ग्रंथकर्ता. जुने लोक कृती छापावयास देत, पण एखादी गोष्ट हातची राखीत. हा संशय मला फार दिवसांपासून आहे.

ता. २० जुलै, रविवार

सकाळी नळावर शेजारच्या सावंतबाई. मालवणच्या. सर्वांदेखत म्हणाल्या, "काय ओ आप्पानू, अनारसे हसले म्हणतत?" नळावरच्या बायका तोंडास पदर लावून उभ्या. मी बादली भरून घेतली व म्हटले की अजून महिना आहे.

ह्यांस कोणी सांगितले? कढई घरात, दार बंद, वर्सोव्याच्या कोळिणी जाण्याची वेळ म्हणून मी खिडकीही लावली होती. सौ. विमल व सावंतबाई दुपारी ओटीवर बसतात. आता पुस्तके चाळली जातात ती कोणासाठी, ह्याचाही उलगडा होऊ लागला. आमच्या घरातील कृती पलीकडे जात आहेत.

नवे तांदूळ भिजत घातले. ह्या वेळी बरणी माझ्या ट्रंकेत राहील.

ता. २३ जुलै, बुधवार

आज कांदिवलीचे पुस्तक. मी मुकटा नेसून आत गेल्यावर सौ. विमल ते घेऊन बसली. अनुक्रमणिकेत पान पाहून घे असे मी सांगितले. पाने उलटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. विचारले, काय झाले? म्हणाली, "पान जीर्ण आहे, आप्पा. सावकाश वाचते."

सावकाशच वाचले. तांदूळ सावलीत वाळवावेत, मुठीत धरले तर मूठ किंचित ओली व्हावी इतकेच. पीठ दोनदा चाळावे. पावसाळ्यात गुळाला घाम सुटलेला असतो, म्हणून पीठ चार वाट्या असेल तर गूळ तीनच घ्यावा, वर थोडी साखर. गोळा हाताला चिकटता कामा नये, "कानाच्या पाळीसारखा" लागावा.

हा ग्रंथकर्ता जाणता दिसतो. इतरांनी पावसाळ्याचा उल्लेखही केलेला नाही. एक गोष्ट मात्र खटकली. ह्याच पुस्तकातील लाडूंचे प्रकरण मी परवा वाचले. तेथील भाषा पल्लेदार आहे, एकेक वाक्य अर्ध्या पानाचे. अनारशांपाशी येऊन तो असा घरगुती का बोलू लागला? हे प्रकरण दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतले असावे. पूर्वी असे चाले.

बरणी ट्रंकेत. किल्ली जानव्यास.

ता. ३० जुलै, बुधवार

झाले. एकही हसला नाही.

तिने वाचले त्याप्रमाणे केले. आच मंद. खसखशीची बाजू वर, उलटावयाचा नाही, झाऱ्याने तूप वर उडवीत राहावयाचे. पहिला एकटा सोडून वाट पाहावयाची, तो सांगेल त्याप्रमाणे पुढचे. पुस्तकात "तो सांगेल" असे शब्द होते. छापील मजकुरात असले शब्द मी आजवर जुळविले नव्हते.

तांबूस रंग, बारीक जाळी, तूप निथळावयास उभे करून ठेवले. देवापुढे ठेवून मग शरदास एक दिला. तो संपवून त्याने दुसरा उचलला. सौ. विमलने अर्धाच घेतला, मोडून आतली जाळी पाहिली आणि मान हलविली, जणू तपासावयाचे तिच्याकडे होते.

सावंतबाईंस वाटीभर पाठविले. नळावर जे झाले ते झाले.

ता. ३ ऑगस्ट, रविवार

वाण झाले. जावईबापू, विहीणबाई व सौ. कुसुम सकाळच्या गाडीने आली. व्याही पाय दुखतो म्हणून आले नाहीत. तांब्याचे ताट, तेहतीस अनारसे, वर दिवा. जावईबापूंनी संकोचून घेतले. कुसुमचे डोळे भरून आले, आईची आठवण झाली असावी. मी दुसरीकडे पाहिले.

विहीणबाईंनी अनारसा खिडकीकडे धरला, मोडला, हुंगला. मग खाल्ला.

"कोणी केले?"

"मी," मी म्हटले.

"अगबाई. तुम्ही? आणि पावसात? आमचे दर वेळी हसतात हो." मग हळूच, "तुम्हांला कोणी दाखवलं?"

मी सांगितले की दाखविण्याचा प्रश्न नाही, ग्रंथ आहे. पुष्कळ ग्रंथ आहेत. फडताळ उघडून दाखविले. त्या कौतुकाने पाहत राहिल्या व म्हणाल्या की तेवढी अनारशांची कृती उतरवून मिळाली तर फार उपकार होतील, महिना संपण्याआत त्यांच्या नणंदेच्या जावयाचे वाण आहे. मी शब्द दिला. माझ्या हस्ताक्षरात, कानामात्रेसह, आठ दिवसांत देतो म्हणून.

सौ. विमल तेव्हा चहाच्या कपबशा गोळा करीत होती. एक बशी खाली पडली. फुटली नाही.

ता. ४ ऑगस्ट, सोमवार

कृती उतरविणे झाले नाही.

दुपारी चांगला कागद, टाक, दौत घेऊन बसलो. कांदिवलीचे पुस्तक उघडले. पृ. ६२ वर करंज्या संपतात. समोर पृ. ६५, चिरोटे, तेही मधूनच. त्रेसष्ट व चौसष्टचे पान नाही.

प्रथम जे मनात आले ते लिहितो. सौ. विमलने पान फाडले व सावंतबाईंस दिले. उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो देखील. ती तांदूळ निवडीत होती. परत फिरलो, कारण आधी पुरावा पाहणे हा माझा शिरस्ता आहे.

शिलाईपाशी फाटक्या पानाची पट्टी शिल्लक आहे. आज फाडलेल्या जुन्या कागदाची कड आतून फिकी दिसते. ही कड बाकी कागदाइतकीच तपकिरी आहे. शिवाय पृ. ६५ वर तेलाचा एक जुना डाग आहे, केळीच्या पानाच्या टोकासारखा; आणि त्याचाच उलटा ठसा समोर पृ. ६२ वर उमटलेला आहे. छापून निघालेले ताजे फर्मे एकावर एक रचले की शाई अशीच समोर उमटते. म्हणजे ही दोन पाने वर्षानुवर्षे एकमेकांस चिकटून होती. मधले पान कांदिवलीसच, वकिलांच्या घरीच, केव्हा तरी गेले.

अनुक्रमणिकेवर विसंबून पाने न तपासता पुस्तक घेतले. छापखान्यात पोऱ्याही अशी चूक करीत नाही.

पान तिने फाडलेले नाही. मग २३ तारखेस ती काय वाचीत होती?

ता. ५ ऑगस्ट, मंगळवार

घरात कोणास काही बोललो नाही.

दिवसभर जुनी पुस्तके काढून एकेक कृती ताडून पाहिली. घारगे. ती "चिमूटभर मीठ" वाचीत असे, मला पक्के आठवते. पुस्तकात मीठ नाही. फणसाची सांदणे. "रवा आधी भाजून घ्यावा" असे वाचले होते. छापलेले आहे "रवा घालून". कढीमध्ये लवंग. ती लवंग कोणत्याही पुस्तकात नाही. काही ठिकाणी मात्र जसेच्या तसे वाचलेले आहे, एक वेलांटी न सोडता. म्हणजे जेथे ग्रंथ बरोबर तेथे ग्रंथ, जेथे चुकलेला तेथे...

गिरगावच्या पुस्तकातले अनारसे तिने जसेच्या तसे का वाचले मग? तेव्हा हसले. मी तिला जेवताना बोललो होतो, ते तीनच दिवसांपूर्वी.

फडताळ कोण उघडीत होते ते कळले. मी कोणती कृती काढणार हे पाहून ठेवीत असावी. सावंतबाईंचा संबंध दिसत नाही. दिसत नाही, एवढेच.

तीन वर्षे मी कोणाच्या हातचे जेवलो? हात माझे होते. लोकांनी नावाजले, मी ग्रंथांकडे बोट दाखविले. आणि ती उंबऱ्याबाहेर पाटावर बसून खाली मान घालून...

सायंकाळी तिने विचारले, बरे वाटत नाही का? पोट बरे नाही असे सांगितले. तिने आल्याचा रस आणून दिला. तो कोणत्या पुस्तकातला, असा विचार मनात आला.

ता. ७ ऑगस्ट, गुरुवार

शरदाच्या कचेरीत जावईबापूंचा दूरध्वनी. आई कागदाची वाट पाहत आहे.

आठवणीने लिहून पाहिले. गूळ तीन वाट्या हे आठवते. साखर किती? गोळा किती दिवस मुरवावयाचा? तळताना मी कढईकडे पाहत होतो. शब्द आले तसे हात चालत गेले, डोक्यात राहिले नाहीत. अर्धा कागद भरून फाडला.

कांतिलालकडे गेलो. हेच पुस्तक दुसरे मिळेल काय? त्याने पोत्यांकडे हात केला. "काका, ऐसा पीस एकच असते. दुसरा आला तर मी तुमाला नाय देणार तर कोणाला देणार?" मग माझे तोंड पाहून स्टूल पुढे केले. बसलो नाही.

मार्ग दोनच. विहीणबाईंस कळवावयाचे की ग्रंथात ती कृती नाही, म्हणजे मी त्यांच्याशी खोटे बोललो असे ठरणार. अथवा सौ. विमलला विचारावयाचे. ज्या सुनेला मी कोणत्या पुस्तकात आहे म्हणून गप्प केले, तिला. शरदाच्या लग्नापासून मी तिला काही विचारलेले नाही. सांगितलेले पुष्कळ आहे. आणि विचारल्यावर ती हसणार नाही कशावरून?

ता. १० ऑगस्ट, रविवार

आज केले. जसे झाले तसे लिहून ठेवतो.

शरद बाजारात गेल्यावर सौ. विमलला हाक मारली. कांदिवलीचे पुस्तक तिच्या हाती दिले व म्हटले, "विहीणबाईंसाठी अनारशांची कृती उतरवावयाची आहे. तू वाच, मी लिहितो."

ती पुस्तक घेऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहिले. मी सोवळ्यात नव्हतो, टेबलाशी बसलो होतो, समोरासमोर, हाताच्या अंतरावर.

"आप्पा, चष्मा लावलाय तुम्ही."

"लावला आहे. वाच."

ती खुर्चीवर बसली नाही. पाट आणला, नेहमीसारखी बसली, पुस्तक मांडीवर उघडले. मी जेथे बसलो होतो तेथून पान दिसत होते. करंज्या एकीकडे, चिरोटे एकीकडे. तिने त्यावर बोट ठेवले व वाचावयास आरंभ केला.

तांदूळ सावलीत. मूठ किंचित ओली. पीठ दोनदा चाळावे. मी लिहीत गेलो. तिचा आवाज प्रथम थोडा कापत होता, मग सरळ झाला. मग ती म्हणाली, "गूळ पिठाच्या बरोबरीने."

टाक थांबला. वर पाहिले. ती पुस्तकातच पाहत होती, चेहऱ्यावर काही नाही. ही माझी परीक्षा आहे, की विहीणबाईंस दिलेला हिसका, की खरोखरचा विसर, हे मला त्या तोंडावरून वाचता येईना.

"बरोबरीने?"

"पुस्तकात असंच असतं."

"आणि पावसाळ्यात?"

तिने पान उलटले. उलटण्यासारखे तेथे काही नव्हते, चिरोट्यांचे पान उलटले. "ते कुसुमवन्संना मी तोंडी सांगेन," ती म्हणाली. "कागद त्यांच्या सासूबाईंच्या हातात जाईल. अनारसे वन्संच्या हातून चांगले व्हायला हवेत, कागदातून नको."

मी तसेच लिहिले. बरोबरीने. आयुष्यात प्रथमच, चुकीचे आहे हे ठाऊक असून स्वच्छ अक्षरात लिहिले.

शेवटी विचारले, "एवढेच छापलेले आहे?"

"एवढंच छापलंय, आप्पा."

पुस्तक तिनेच फडताळात ठेवले. पाठी एका रेषेत आल्या आहेत, मी पाहिले.

ता. १३ ऑगस्ट, बुधवार

सौ. कुसुम कागद न्यावयास आली. पाकिटात घालून दिला. न वाचता पर्समध्ये टाकला.

मग दोघी स्वयंपाकघरात. दार लोटलेले. डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज, वाटी ठेवल्याचा. कुसुम काही विचारी, सौ. विमल हळू बोले. मध्येच दोघी हसल्या. अनारशांत हसण्यासारखे काय आहे? माझे नाव निघाले असावे.

निघताना कुसुमला सहज विचारले, वहिनीने काय सांगितले? म्हणाली, "काही नाही आप्पा, इकडचं तिकडचं." लहानपणी खोटे बोलताना ती वेणीचे टोक हातात धरीत असे. आता अंबाडा घालते.

सांगितले असेल. की तिलाही काही हातचे राखून सांगितले? महिना संपावयास दोन दिवस. बोरिवलीहून बातमी येईलच.

ता. १७ ऑगस्ट, रविवार

बोरिवलीहून काही नाही. चांगले झाले असते तर विहीणबाईंनी कळविले असते. बिघडले असते तर कुसुम आली असती. शरद म्हणतो, तुम्ही स्वस्थ बसा.

अधिक संपला. श्रावण लागला, नागपंचमी तोंडावर आली. पुरणाची दिंडे करावयाची.

सकाळी मी वर्तमानपत्र वाचीत असता सौ. विमल आली. पूर्वी कधी तिने असे विचारले नव्हते. "आप्पा, दिंडांसाठी कोणतं पुस्तक काढून ठेवू?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिले. तिने माझ्या. माझ्याजवळ दिंडे असलेली तीन पुस्तके आहेत, तिघांचे एकमेकांशी पटत नाही. नाव ओठांवर आले होते.

म्हटले, "तुला योग्य वाटेल ते काढ."

तिने फडताळ उघडले, फार शोधले नाही, एक काढून कोनाड्यात ठेवले व पाणी भरावयास गेली.

ती गेल्यावर उठून पाहिले. लोणची व मुरंबे ह्यांचे पुस्तक आहे. अनुक्रमणिका दोन वेळा वाचली, मग पानेही एक एक करून तपासली. सर्व पाने शाबूत आहेत. दिंडांचे नावही कोठे नाही.

घाईत चुकून काढले, की मला दिसावे म्हणूनच काढले, हे सांगता येत नाही. पुस्तक जसे होते तसे कोनाड्यात ठेवून आलो आहे. पाट उंबऱ्याबाहेर मांडलेला आहे.